वेब कंपोनंट म्हणजे काय? रकमेच्या एका चौकटीचा कमांड लाइनवरून एनपीएमपर्यंतचा प्रवास

मोबाइलचा कीबोर्ड मराठीत आहे. सोसायटीचा मेंटेनन्स भरण्याच्या पानावर रकमेच्या चौकटीत कोणी '२५००' असे देवनागरी अंकांत लिहिले आणि पान म्हणाले, 'कृपया योग्य रक्कम भरा'. तो पुन्हा लिहितो, पुन्हा तेच. चूक त्याची नसते. वेबपाने ज्या भाषेवर चालतात ती जावास्क्रिप्ट मजकुराचा आकडा करताना फक्त इंग्रजी अंक ओळखते. तिला '२५००' दिले तर उत्तर येते 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नव्हे'.

मिरा रोड-भाईंदरमध्ये एकाच जिन्यावर मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी घरे असतात. तिथल्या सोसायट्यांसाठी कोणी पाने बनवायला घेतली, तर ही अडचण प्रत्येक पानावर वेगळी सोडवण्यात अर्थ नाही. रकमेची चौकट एकदाच नीट बनवायची आणि सगळीकडे तीच लावायची. अशा सुट्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या भागाला वेब कंपोनंट म्हणतात.

कंपोनंटमध्ये असते काय?

एचटीएमएलमध्ये परिच्छेद, चित्र, बटण यांचे ठरलेले टॅग असतात. वेब कंपोनंटमुळे आपला स्वतःचा टॅग तयार करता येतो आणि ब्राउझर तो घरचाच असल्यासारखा वागवतो. संगणकावर यूट्यूब उघडून पानाचा सोर्स पाहिला, तर 'वायटीडी' या अक्षरांनी सुरू होणारे ढीगभर टॅग दिसतात. ते हेच.

टॅगच्या नावात जोडरेघ सक्तीची आहे, म्हणजे उद्या एचटीएमएलमध्ये नवा अधिकृत टॅग आला तरी नावांची टक्कर होत नाही. मिरा-भाईंदर हे नाव या नियमात अगदी चपखल बसले असते. पण पहिले अक्षर रोमन लिपीतलेच, तेही लहान वळणाचे, असावे लागते. त्यामुळे टॅगला निखळ देवनागरी नाव देता येत नाही.

दुसरा भाग शॅडो डॉम. कंपोनंटच्या आतल्या रचनेभोवती ही एक भिंत असते. बाहेरच्या पानाचे सजावटीचे नियम आतल्या घटकांना लागू पडत नाहीत आणि आतले बाहेर सांडत नाहीत. भिंत पूर्ण बंद मात्र नसते. फाँट, अक्षरांचा रंग, ओळींमधले अंतर या गोष्टी वारशाने आत येतातच.

ही कल्पना २०११ साली अ‍ॅलेक्स रसेल यांनी मांडली. २०१३ मध्ये गूगलने पॉलिमर ही लायब्ररी आणली. सगळे ब्राउझर एका रांगेत यायला मात्र वेळ लागला: फायरफॉक्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये पूर्ण साथ दिली, मायक्रोसॉफ्टच्या एजने जानेवारी २०२० मध्ये.

कमांड लाइन कशासाठी?

कोड लिहिणे हा कामाचा एक भाग झाला. फोल्डरची मांडणी, चाचणीची सोय, नमुन्याचे पान, प्रकाशनाची माहिती हे सगळे हाताने जमवायला गेले तर अर्धा दिवस जातो आणि काहीतरी राहतेच. म्हणून टर्मिनलमध्ये हुकूम टाइप करून चालणारी साधने आली. पॉलिमरच्या साधनात 'इनिट' म्हटले की सांगाडा तयार, 'सर्व्ह' म्हटले की तो ब्राउझरमध्ये हजर, 'टेस्ट' म्हटले की चाचणी सुरू. आता पॉलिमर मागे पडले आहे. त्याची जागा लिटने घेतली आणि सांगाड्यासाठी 'ओपन डब्ल्यूसी'चे साधन वापरता येते. 'एनपीएम इनिट'च्या पुढे त्याचे नाव लिहिले की ते चार प्रश्न विचारते: कंपोनंट हवा की पूर्ण अ‍ॅप, चाचणी जोडू का, टॅगचे नाव काय. उत्तरे दिली की फोल्डर तयार.

चाचणीत काय पाहायचे?

खरा कस इथे लागतो. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यांत साचा एकदाच बनतो, पण त्यावर ओरखडा पडला तर तो प्रत्येक वाटीवर उमटतो. कंपोनंटचेही तसेच आहे.

चाचणी म्हणजे छोट्या छोट्या अटी लिहून ठेवायच्या आणि एका हुकमाने त्या सगळ्या तपासून घ्यायच्या. 'वेब टेस्ट रनर' हे साधन त्यासाठी खराच ब्राउझर पडद्यामागे चालवते. पहिली अट अशी की '२५००' हे देवनागरीत, गुजरातीत किंवा इंग्रजीत कसेही लिहिले तरी हाती तोच आकडा आला पाहिजे. हे अवघड नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीचे शून्य ते नऊ अंक ओळीने बसवलेले आहेत, त्यामुळे त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा केला की अंकाची किंमत मिळते. उलट दिशेची सोय तर जावास्क्रिप्टमध्ये आधीच आहे. मराठी-भारत अशी भाषा सांगितली की १२३४५६७ हा आकडा १२,३४,५६७ असा, लाखाच्या स्वल्पविरामासह आणि देवनागरीत, छापून मिळतो.

दुसरी अट चटकन सुचत नाही. शॅडो डॉमच्या आतली चौकट बाहेरच्या फॉर्मला दिसतच नाही. रक्कम पडद्यावर झळकते, 'सबमिट' दाबले जाते आणि सर्व्हरकडे ती पोहोचत नाही. त्यासाठी कंपोनंटने आपण फॉर्मचा भाग आहोत असे ब्राउझरला वेगळे सांगावे लागते. ही सोय २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे.

तिसरी अट अक्षरांच्या मोजणीची. शेजारी पत्त्याची चौकट असेल आणि तिला दहा अक्षरांची मर्यादा घातली असेल, तर 'मिरा-भाईंदर' त्यात मावत नाही. डोळ्यांना जोडरेघेसह सातच अक्षरे दिसतात, पण काना, वेलांटी, अनुस्वार सुटे मोजून संगणकाची बेरीज अकरा होते. आणि चौकटीची उंची इंग्रजी अक्षरे पाहून ठरवली असेल, तर रफार आणि मात्रा वरून कापल्या जातात. हे मराठी वाचणाऱ्यानेच डोळ्यांनी पाहायला हवे.

प्रकाशन: परत न येणारी पायरी

तयार कंपोनंट एनपीएम या सार्वजनिक कोठारात ठेवला जातो. २०१० साली सुरू झालेले हे कोठार २०२० पासून गिटहबकडे आहे. खाते उघडून लॉगिन करायचे आणि 'एनपीएम पब्लिश' म्हणायचे, इतकेच. त्याआधी 'ड्राय रन' करून कोणत्या फायली बाहेर जाणार हे बघून घ्यावे. पासवर्ड असलेली फाइल चुकून गेली तर ती जगाच्या हाती लागते. प्रकाशित केलेली आवृत्ती ७२ तासांत मागे घेता येते, तीही तिच्यावर दुसरे कोणतेही पॅकेज अवलंबून नसेल तर. त्यानंतर अटी आणखी कडक होतात. मागे घेतलेला आवृत्ती क्रमांक पुन्हा कधीच वापरता येत नाही.

या कडकपणामागे २०१६ चा प्रसंग आहे. मार्चमध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज होते आणि त्याच्यावर टेकलेले हजारो प्रकल्प जगभर अडले. शेवटी एनपीएमला ते स्वतःहून परत ठेवावे लागले.

उलटा धोकाही आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमच्या नावाने आलेल्या खोट्या ईमेलला एक पॅकेज सांभाळणारा फसला. त्याच्या खात्यातून 'चॉक', 'डीबग' अशा अतिशय लोकप्रिय पॅकेजेसच्या दूषित आवृत्त्या बाहेर पडल्या. क्रिप्टो चलन पाठवताना त्या समोरच्याचा पत्ता गुपचूप बदलत होत्या. त्यामुळे खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी हवी, आणि कोणताही ईमेल आला तरी त्यातल्या लिंकवरून लॉगिन करू नये.

आता समजा चौकटीची १.०.० आवृत्ती बाहेर गेली आणि नंतर कळले की गुजराती अंकांची अट राहूनच गेली. दुरुस्ती करून १.०.१ काढायची, शेवटचा आकडा फक्त दुरुस्तीसाठी असतो. नवी सोय दिली तर मधला वाढतो आणि जुनी पाने मोडतील असा बदल केला तर पहिला. पण १.०.१ आली म्हणून ती सगळीकडे आपोआप पोहोचत नाही. प्रत्येक प्रकल्पात कोणती आवृत्ती बसवली याची नोंद लॉक फाइलमध्ये गोठलेली असते. ज्या सोसायटीचे पान सांभाळणारा 'एनपीएम अपडेट' म्हणून ते पान पुन्हा चढवणार नाही, तिथे गुजराती '૨૫૦૦' लिहिणाऱ्याला तेच उत्तर मिळत राहील: कृपया योग्य रक्कम भरा.