बोथट भाला

मध्ययुगीन युरोपचे नाव काढले की अंगात पोलादी चिलखत, हाती लांब भाला आणि बुडाखाली उमदा घोडा असलेला सरदार आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. हा सरदार केव्हाच इतिहासजमा झाला, अशी आपली समजूत असते. ती सर्वस्वी खरी नाही. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका या देशांत आजही स्त्री-पुरुष स्वार भालाद्वंद्वाच्या स्पर्धांत उतरतात. मैदानाच्या मध्यभागी एक लाकडी कठडा असतो. त्याच्या दोन बाजूंनी दोन स्वार समोरासमोर घोडे फेकतात आणि परस्परांच्या ढालीवर भाला आदळतात. नेमका आघात करणाऱ्यास व भाला मोडणाऱ्यास गुण मिळतात. पुष्कळ स्पर्धांत भाल्याचे टोक बाल्सासारख्या हलक्या, ठिसूळ लाकडाचे असते. आघात होताच ते मोडते आणि माणूस वाचतो. २०१२ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर या स्वारांची एक मालिकाही झाली. खेळ जुनाच आहे, फक्त भाला बोथट झाला आहे. हा भाला बोथट कसा होत गेला, त्याचा इतिहास आपल्या ख्रिस्तसभेच्या आणि आपल्या वऱ्हाडाच्याही इतिहासाशी जोडलेला आहे.

बाराव्या शतकात या द्वंद्वांना खेळ म्हणणे कठीण होते. सरदारांच्या टोळ्या मोकळ्या रानात एकमेकांवर तुटून पडत, शेते तुडवली जात, माणसे मरत. म्हणून ११३० साली क्लेरमाँ येथील धर्मपरिषदेने अशा द्वंद्वांना बंदी घातली. ११३९ व ११७९ च्या लॅटरन परिषदांनी ती पुन्हा बजावली. द्वंद्वात मेलेल्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारावा, असा हा कडक नियम होता. तरीही मरणासन्न माणसाला पापनिवेदन व अखेरचा ख्रिस्तप्रसाद नाकारू नये, अशी दया त्याच नियमात राखली होती. सरदारांनी मात्र नियम फारसा मानला नाही. अखेर १३१६ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी बंदी उठवली. शांतता नांदू लागली म्हणून ती उठली नाही. बंदीमुळे धर्मयुद्धासाठी सरदार तयार होत नाहीत, ही तक्रार त्यामागे होती. आपल्या इतिहासाचे हे पान वाचताना मान खाली जाते. पण इतिहास प्रामाणिकपणे वाचावयाचा असेल, तर असे पान गाळून चालत नाही.

भाला बोथट करण्याचे काम पुढे कायद्याने कमी आणि अनुभवाने अधिक केले. ३० जून १५५९ रोजी फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री आपल्या कन्येच्या विवाहोत्सवात स्वतः द्वंद्वात उतरला. प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या भाल्याची ढलपी शिरस्त्राणातून त्याच्या डोळ्यात घुसली आणि दहा दिवसांनी, १० जुलैला, त्याचे देहावसान झाले. राजालाही न वाचवणाऱ्या या खेळाचा दिमाख त्यानंतर ओसरत गेला. त्याआधीच एका सरदाराने वेगळी वाट धरली होती. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे जखमी झालेले इग्नेशियस लोयोला अंथरुणावर ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे वाचत राहिले आणि १५२२ च्या मार्चमध्ये माँतसेरात येथे रात्रभर जागरण करून त्यांनी आपली तलवार व कट्यार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवून दिली. वृत्ती सरदाराचीच राहिली; धनी मात्र बदलला.

आज हा खेळ जिथे खऱ्या अर्थाने लोकांचा झाला आहे, तिथे माणसावर भाला रोखला जातच नाही. कॅथलिक निर्वासितांना आसरा म्हणून १६३४ मध्ये वसलेल्या मेरीलँडने १९६२ साली या खेळाला आपला राज्यक्रीडाप्रकार ठरवले. तेथील स्वार ऐंशी यार्डांच्या धावपट्टीवर घोडा फेकत टांगलेल्या तीन कड्या भाल्याच्या टोकावर ओवतो. कड्या लहान लहान होत शेवटी पाव इंचावर येतात. शेतकरी कुटुंबांतील आजोबा, सून, नातू असे सारेच त्यात उतरतात, आणि काही धर्मग्रामांच्या उन्हाळी मेळाव्यांतही ही स्पर्धा होते. क्रोएशियातील सिन्य गावात १७१५ मधील तुर्कांवरील विजयाच्या स्मरणार्थ 'आल्का' ही अशीच लोखंडी कडीची स्पर्धा दरवर्षी ऑगस्टमध्ये भरते. तो विजय स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास लाभला, म्हणून गावकरी तो पवित्र मरियेच्या कृपेचा मानतात. २०१० साली युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या वारशात स्थान दिले.

आपल्याकडे याचे भावंड आहे. जुन्या मराठीत 'बोथाटी' असा शब्द आढळतो. टोकाला पात्याऐवजी चिंध्यांचा गोळा बांधलेली ही लांब काठी. घोडेस्वार तिने भाल्याचे हात शिकत आणि एकमेकांवर लुटुपुटीचे वार करीत. शब्दच सांगतो की भाला बोथट करण्याची अक्कल आपल्या बारगीर-शिलेदारांनाही होती. दुसरा प्रकार नेझाबाजीचा. यात जमिनीत रोवलेली खुंटी भरधाव घोड्यावरून भाल्याने उपटायची. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांत नेझाबाजीचा समावेश होता आणि तिचे सुवर्णपदक भारताच्या रुपिंदरसिंग ब्रार यांनी मिळवले.

वऱ्हाडाने मात्र धारदार भालाच अधिक पाहिला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील आडगावच्या रणात शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीकडून पराभूत झाली आणि त्याच डिसेंबरात गाविलगड पडला. पुढे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी कंटिन्जंट फौज उभी राहिली, तिची एक छावणी एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, होती. तिच्या पगाराची बाकी थकली, म्हणून १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले. याचा अर्थ सरळ आहे: घोडे, भाले आणि स्वारांचे पगार यांचा भार वऱ्हाडच्या काळ्या मातीवर, कुणब्याच्या शेतसाऱ्यावर पडला. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्यातूनच आलेल्या विसाव्या डेक्कन हॉर्स पलटणीने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वुड येथे भाले सरसावून चढाई केली. समोर मशीनगन होत्या. भाल्याचा काळ संपला होता. स्वार मात्र अजून मरत होते.

अशा या भूमीत, अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी गावी, १९३५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज उभारले. त्यांच्या हाती खंजिरी होती. ग्रामसफाई, श्रमदान, व्यसनमुक्ती आणि सर्व धर्मीयांनी एकत्र बसून करायची सामुदायिक प्रार्थना हे त्यांचे रणांगण. १९४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, यावरून त्या खंजिरीचे बळ सरकारला पुरते कळले होते, असेच म्हणावे लागते. ज्या शेतकऱ्याच्या साऱ्यावर भालाईत पोसले गेले, त्याच शेतकऱ्याला मोझरीने गावाचा कर्ता पुरुष मानले.

यशया संदेष्ट्याला भाल्यांचे कोयते होताना दिसले होते. बोथट भाला ही त्या वाटेवरची अर्धी मजल आहे. माणसाने प्रतिस्पर्ध्याचा जीव घेण्याचे सोडून त्याच्याबरोबर खेळायला शिकावे, ही लहान गोष्ट नव्हे, म्हणून त्या स्वारांचे कौतुक करावे. पण मजल अर्धीच आहे. उरलेली वाट शेतातून, गावातून आणि प्रार्थनेतून जाते. संत पौलाने इफिसकरांना लिहिताना श्रद्धेची ढाल आणि नीतिमत्त्वाचे उरस्त्राण सांगितले; हल्ल्याचे एकच शस्त्र सांगितले, देवाचा शब्द. घराघरांतील भांडणांत, भाऊबंदकीत आणि धर्माच्या नावाने पेटणाऱ्या वादांत आपल्या हाती नेमके कोणते शस्त्र आहे, हे आपल्या प्रत्येक कुटुंबाने एकदा पाहावे.