तळटीप : ‘बसऱ्याला गेले’

१. ‘बसऱ्याला गेले’ : पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या (आजचा इराक) मोहिमेवर गेले, या अर्थी. अशा शिपायाचा माग काढताना नुसत्या नावावर विसंबू नये. शिपाई क्रमांकही पलटणीपुरताच असे. म्हणून क्रमांक, पलटण, वडिलांचे नाव आणि गाव एकमेकांशी ताडून पाहावे लागते. १९२२च्या पुनर्रचनेत पलटणींची नावे बदलली : ११०वी मराठा ही पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावे नव्हे, पलटणवार आकडे कोरले गेले. नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोधावीत. घराण्याच्या पिढ्या जुळवायला त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. — संपा.