पुण्याची औद्योगिक परिषद आणि सभागृहाबाहेरचा माणूस

राज्याच्या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांची परिषद भरली, म्हणजे सर्वसामान्य नागरिकाची तिच्याविषयीची वृत्ती बहुधा उदासीन असते. चार दिवस निबंध वाचले जातात, ठराव होतात, आणि पुढे एक जाड ग्रंथ कपाटात जाऊन बसतो, अशी त्याची समजूत आहे. ती अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. परंतु अशा परिषदांचे फलित किती काळाने आणि कोणत्या वाटेने पदरात पडते, हे पाहावयाचे असेल तर आपल्याच प्रांतातील एका जुन्या परिषदेकडे वळले पाहिजे. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेविषयी आम्ही बोलत आहोत.

या परिषदेचे प्रवर्तक महादेव गोविंद रानडे. वसंत व्याख्यानमालेचा पायाही १८७५ साली पुण्यात त्यांनीच घातला, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन उपक्रमांमागची दृष्टी एकच होती हे कळून येते. राज्यकारभाराचे ज्ञान कचेरीच्या दप्तरात कोंडून न राहता चारचौघांत आले पाहिजे, ही ती दृष्टी. परिषदेच्या वेळी रानडे अद्याप हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले नव्हते. १८७५ साली सुपे येथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि त्या दंग्यांची आग पुणे व नगर जिल्ह्यांत पसरली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याखालील विशेष न्यायाधीशाचे काम त्यांच्याकडे होते. म्हणजे कर्ज, व्याज, गहाणखत, जप्ती हे शब्द त्यांना पुस्तकातून भेटलेले नव्हते. ते रोज त्यांच्या पुढ्यात उभे राहत होते.

या परिषदेत रानड्यांनी जो निबंध वाचला, त्याचा विषय पाहून आजच्या वाचकास नवल वाटेल. तो होता जावा बेटातील डच राजवटीच्या शेतीपद्धतीविषयी. हिंदुस्थानाने कच्चा माल पिकवावा, इंग्रजी जहाजांनी तो न्यावा, इंग्रजी गिरण्यांनी त्याचे कापड करावे आणि ते येथेच विकावे, या व्यवस्थेने देश केवळ एक मळा होऊन बसला आहे, हे त्यांचे दुःख होते. उलट जावामध्ये सरकार स्वतः भांडवल आगाऊ देते, कारखाना उभा करवते आणि उसाची साखर तेथेच तयार होते, हे त्यांच्या नजरेत भरले. सरकारने उद्योगधंद्यांपासून अलिप्त राहावे हा विलायती अर्थशास्त्राचा उपदेश त्यांना मान्य नव्हता. सरकारने हमी घेऊन अल्प व्याजाने पैसा पुरवावा आणि उद्योग येथील माणसांनी चालवावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुढच्याच वर्षी त्यांनी पतव्यवस्थेच्या पुनर्रचनेवर निबंध लिहिला. त्यापाठोपाठ लोखंडाच्या धंद्यातील फसलेले प्रयत्न, देशी कारखानदारीची स्थिती असे विषय त्यांनी हाताळले. एका प्रश्नास धरून, इतर देशांतील अनुभव ताडून पाहून, त्यातून धोरण सुचवावयाचे, ही आजच्या धोरण-संशोधनाची रीत त्यांनी तेव्हाच अंगीकारली होती.

परंतु इतिहासलेखकाने गुणगानावर थांबू नये. १८३० साली व्हान डेन बॉश या गव्हर्नर-जनरलाने सुरू केलेल्या त्या जावाच्या पद्धतीत गावाच्या जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाखाली घालावा लागे, आणि माल सरकार ठरवील त्या भावाने द्यावा लागे. १८४० नंतरच्या दशकात त्या बेटाच्या काही भागांत भीषण दुष्काळ पडले. खुद्द एका डच अधिकाऱ्याने, मुल्तातुली या टोपणनावाने, १८६० साली कादंबरी लिहून तेथील रयतेच्या पिळवणुकीस वाचा फोडली. १८७० साली डचांनाच त्या पद्धतीचे विसर्जन आरंभावे लागले. सक्ती येथे आणावी असे रानड्यांचे म्हणणे नव्हते; तथापि त्या पद्धतीची उजळ बाजू त्यांनी अधिक ठळक केली, हे मान्य केले पाहिजे. साखर किती निघाली याचे आकडे सहज मिळतात. ऊस लावणाऱ्याच्या घरी त्या रात्री काय शिजले, याचे मिळत नाहीत.

आणि त्याच पुण्यात त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव फुले निवर्तले. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाला होता. बांधबंदिस्ती करावी, तलाव व धरणे बांधावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण द्यावे, असे रोकडे उपाय त्यात आहेत. धोरणाचा हाही एक प्रबंधच! पण तो त्यांनी वाचून दाखवला तो जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी, ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्याच समोर. एक परिषद इंग्रजीत, सुशिक्षितांच्या सभागृहात. दुसरी मराठीत, गावाच्या जमावापुढे. दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच कर्जबाजारी कुणबी होता. या दोन सभा एकत्र बसल्या असत्या तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

परिषदेचे बीज मात्र वाया गेले नाही. रानडे १९०१ साली गेले. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, आणि तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी तालुक्यातालुक्यांत जाऊन शेतीच्या जमाखर्चाची पाहणी करण्याची शिस्त घालून दिली. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. १९५० साली तेथे गाळप सुरू झाले. पुढे देशव्यापी ग्रामीण पतपाहणी झाली. तिच्या समितीतही गाडगीळ होते. १९५१-५२ साली शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा सुमारे ३ आणि सावकारांचा सुमारे ७० होता, असे तिने उघड केले आणि सरकारने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे अशी शिफारस केली. सरकारचे भांडवल, येथील माणसांचा उद्योग, ऊस आणि साखर. १८९० च्या निबंधातील कल्पना साठ वर्षांनी, सक्तीऐवजी सभासदत्वाचा अंगरखा घालून, अवतरली असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

येथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण ज्या कारखान्यांनी गावात शाळा, दवाखाने आणि रस्ते आणले, तेच पुढे राज्याच्या सत्तेचे आधारस्तंभ झाले. ऊस थोड्या जमिनीवर उभा असतो आणि सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो. शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा हिशेब कोण देणार? दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून बैलगाडीत किंवा ट्रकात संसार घालून जो ऊसतोड मजूर निघतो, त्याचे नाव कारखान्याच्या सभासदांच्या यादीत नसते. जावातील रयत, असुडातील कुणबी आणि पाचटाच्या कोपीत राहणारी ही माणसे यांच्यात एक नाते आहे: धोरणाचा निबंध त्यांच्यासंबंधी असतो, पण तो वाचला जातो तेव्हा ती सभागृहात नसतात.

तेव्हा परिषदा भरवू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. १८९० ची परिषद भरली नसती तर पुढचा विचार कोणत्या धाग्यास जोडला गेला असता? मागणे एवढेच, की राज्याच्या कारभारावर जे संशोधन होते ते मराठीत यावे, खुल्या व्यासपीठावर वाचले जावे, आणि ज्याच्या आयुष्याचा आकडा त्यात मांडला आहे त्याला उठून ‘हे असे नाही’ असे म्हणण्याची मुभा असावी. रानड्यांनी व्याख्यानमाला आणि परिषद अशी दोन दालने उघडून दिली. मधले दार अद्याप पुरते उघडलेले नाही. ते उघडण्याचे काम आपल्याकडे आहे.