घाट उतरण्याची विद्या

श्रोतेहो, घाट चढणे अवघड की उतरणे? शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक मुले म्हणतील, चढणे अवघड. पायी चालणाऱ्याचे छाताड भरून येते, बैल फेसाळतात, मोटारीचे इंजिन धापा टाकते. तेव्हा मुलांचे उत्तर काही खोटे नाही. पण ज्याच्या हाती गाडी आहे त्याला विचाराल, तर तो म्हणेल, खरी परीक्षा उतारावर. सह्याद्रीतल्या वाहतुकीचा इतिहास पाहिला, तर हेच दिसते. वाहन बदलले, धडा तोच राहिला.

कोकण आणि देश यांच्या मध्ये सह्याद्री भिंतीसारखा उभा. त्या भिंतीतून वाटा काढण्याचे काम फार जुने. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वापरात आहे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. पण या वाटा पायांच्या होत्या, चाकांच्या नव्हत्या. माल बैलांच्या पाठीवरून जाई. बैल स्वतःच खूर रोवून उतरतो, त्याला शिकवावे लागत नाही. गाडीला मात्र शिकवावे लागते, कारण चाकाला खूर नसतो.

बोरघाटातून चाकाची गाडी सुखाने जाईल असा रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० च्या नोव्हेंबरात खुला केला. आता हा रस्ता नागमोडी का, ते समजून घ्या. सरळ रेषेत चढ काढला तर अंतर वाचते, पण उभेपणा वाढतो. वळणे घेतली म्हणजे तीच उंची लांब अंतरावर वाटली जाते. म्हणजे वळण ही बैलाच्या खांद्याला दिलेली सवलत आहे. आपण वळणाला कंटाळतो, पण ते नसते तर भरलेली गाडी वर गेलीच नसती.

बैलगाडी चढावर मागे जड होते, उलाळ होते. उतारावर उलटे घडते. सारे ओझे बैलांच्या मानेवर येते आणि गाडी बैलांनाच पुढे ढकलू लागते. म्हणून जाणता गाडीवान घाटात खाली उतरून बैलांच्या बरोबरीने चालतो आणि त्यांना सावकाश घेतो. एकदा बैल धावले की मग कासरा ओढून काय उपयोग? वेग वाढण्याआधी आवरावा, वाढल्यावर नव्हे.

हाच धडा आगगाडीला गिरवावा लागला. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. पंचवीस बोगदे खोदले गेले. हजारो मजूर साथीच्या रोगांनी आणि अपघातांनी मेले. त्यांची नावे कुठे कोरलेली नाहीत. या मार्गावर सर्वात तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट इतका आहे. तुम्हाआम्हाला तो चढ जाणवणारसुद्धा नाही. पण लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक घसरते, म्हणून गाडीला तो भारी. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात ती याचसाठी. आणि उतारावर? गाडी हाताबाहेर गेली, तर तिला वळवून चढावर नेणारे वेगळे फाटे घाटात काढले. म्हणजे बांधणाऱ्यांनी धरूनच चालले की चूक होऊ शकते, आणि चुकीला जागा करून ठेवली.

जुन्या महामार्गाने खंडाळ्याच्या घाटातून गेलात, तर वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. अशी आख्यायिका आहे, की साहेबांना घाटातली वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि त्यातच त्याचा जीव गेला. कागदोपत्री इतिहास कसाही असो. आजही पुष्कळ चालक तिथे नाणे टाकून पुढे जातात. डोंगर मोजण्याआधी तो कुणीतरी पायांनी ओळखला होता, ही जाण त्या नाण्यात आहे.

मग आली मोटार. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली आणि पुढे घाटाघाटांतून गावे जोडली गेली. त्या काळच्या गाड्यांत गिअर बदलणे हीच एक विद्या होती. चालत्या गाडीत क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा वेग जुळवून गिअर टाकावा लागे. तो हुकला तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटायची. म्हणून गुरू शिष्याला सांगे : गिअर उताराच्या माथ्यावरच बदल, उतारात नव्हे, आणि घाट ज्या गिअरात चढतोस, त्याच गिअरात उतर.

यातले शास्त्र साधे आहे. गिअर लहान असला की इंजिनच चाकांना रोखून धरते. नुसता ब्रेक दाबत राहिलात, तर तो घासून तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा इंजिनाची मदत सोडतो आणि सारा भार ब्रेकवर टाकतो. दोन पैसे वाचतात, पण जोखीम माणसांची असते. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा, आपली बाजू सोडू नये, आणि पुढचे दिसेल तेवढाच वेग ठेवावा. पावसाळ्यात धुके उतरले की हे दुप्पट खरे.

आणखी एक नियम आहे, तो १९८९ च्या रस्त्याच्या नियमांतही लिहिलेला होता : अरुंद घाटात उतरणाऱ्याने बाजूला थांबावे आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. कारण उघड आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण, ती मागे घसरण्याचे भय. उतरणाऱ्याला थांबून पुन्हा निघणे सोपे.

शिक्षकबंधूंनो, एक फळी तिरपी ठेवून खेळण्यातली गाडी सोडून दाखवा. मुले मोठी होतील, सायकल आणि मोटारसायकल चालवतील, कुणी एस.टी.चा चालक होईल. ज्याला उतार सोपा आहे त्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, एवढे त्यांच्या मनात आत्ताच बसू द्या.