वजाबाकी करून बघा : दलममधली मुलं कागदावर कुठे सापडतात

गोंदिया किंवा गडचिरोलीत एखाद्या माओवाद्याने आत्मसमर्पण केल्याची बातमी तुम्ही वाचलीच असेल. तिचा साचा ठरलेला असतो. नाव, टोपणनाव, वय, मूळ गाव, संघटनेत कधी आला, कोणत्या दलममध्ये होता, किती चकमकींत सहभाग, डोक्यावर बक्षीस किती. आता एक साधं काम करा. समजा वय 25 दिलंय, शरण आला 2025 मध्ये आणि भरती 2013 ची. वजाबाकी केली की उत्तर येतं तेरा. बक्षिसाचा आकडा मथळ्यात असतो, हा तेराचा आकडा बातमीत कुठेच नसतो. माझ्या विषयाची सुरुवात या वजाबाकीपासून झाली.

आधी भूगोल. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा म्हणजे भाताचा, तलावांचा जिल्हा. पण सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांचं जंगल वेगळी गोष्ट सांगतं. पलीकडे छत्तीसगड, वर मध्य प्रदेशातलं बालाघाट. स्थानिक वर्तमानपत्रं या पट्ट्याला माओवाद्यांचा ‘रेस्ट झोन’ म्हणत आली. दरेकसा दलम, तांडा दलम, मलाजखंड दलम ही नावं इथलीच, पण त्यांत असलेल्यांची मूळ गावं बऱ्याचदा बिजापूर-सुकम्याकडची निघतात. म्हणून ‘गोंदियातली बालभरती’ असा प्रबंधाचा मथळा ठेवला तर तुम्ही पहिल्याच पानावर अडकाल. मूल घेतलं गेलं बस्तरमध्ये, बंदूक घेऊन फिरलं दरेकशाच्या जंगलात आणि मोठं होऊन शरण आलं गोंदियात. जिल्हा हे अभ्यासाचं एकक म्हणून इथे चालत नाही.

1980 मध्ये पीपल्स वॉर ग्रुप स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याची पथकं गोदावरी ओलांडून सिरोंचाच्या बाजूने आली. पुढे 2004 मध्ये विलीनीकरणातून भाकप (माओवादी) पक्ष झाला. मुलांसाठीची शिडी आपल्याला सगळ्यात सविस्तर दिसते ती ह्यूमन राइट्स वॉचच्या 2008 च्या छत्तीसगडवरच्या अहवालात. सहा ते बारा वर्षांची मुलं ‘बाल संघम’मध्ये. तिथून पुढे गाणी-नाटकं करणारा चेतना नाट्य मंच, गावातला संघम, जनमिलिशिया आणि मग दलम. मूल आधी निरोप पोचवतं, पोलीस आले का ते बघतं. बंदूक खूप नंतर येते. ‘बालसैनिक’ हा शब्द त्यामुळेच अपुरा पडतो. 2007 च्या पॅरिस तत्त्वांनी स्वयंपाकी, हमाल, निरोप्या, हेर अशा सगळ्या मुलांना व्याख्येत घेतलं ते याचसाठी.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी उद्धृत करताना लोक सोयीने गाळतात. सलवा जुडूमच्या काळात छत्तीसगड पोलिसांनीही अल्पवयीन मुलांना विशेष पोलीस अधिकारी केलं होतं आणि कारण दिलं होतं वयाचे कागद नसल्याचं. 5 जुलै 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर खटल्यात ती सगळी व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. एकाच बाजूची मुलं मोजणारा प्रबंध मला तरी अर्धवट वाटतो.

आता ‘मूल’ कोण? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडं थांबावं. 1986 च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळापर्यंत बालक होता, मुलगी अठरापर्यंत. 2000 च्या कायद्याने दोघांना अठरावर आणलं. म्हणजे 1995 मध्ये दलममध्ये गेलेला सतरा वर्षांचा मुलगा त्या वेळच्या कायद्याने बालक नव्हताच, त्याच्या वयाची मुलगी मात्र होती. 1989 च्या बालहक्क संहितेतही युद्धात थेट सहभागाची रेषा पंधरावर होती. 2000 च्या ऐच्छिक प्रोटोकॉलने बिगरसरकारी सशस्त्र गटांना अठराची रेषा घातली आणि भारताने 2005 मध्ये तो मान्य केला. माओवादी मात्र सोळा-सतराच्या मुलांना घेणं ही आपली रीतच असल्याचं कबूल करत होते. आजचा अठराचा आकडा उचलून 1985 वर चिकटवू नका. प्रत्येक नोंदीसमोर तेव्हाचा कायदा लिहा.

2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 83 थेट आपल्या विषयाचं आहे. केंद्राने घोषित केलेल्या अतिरेकी गटाने मुलाला भरती केलं किंवा कोणत्याही कामासाठी वापरलं, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते मूल गुन्ह्याचा बळी आहे. हे लक्षात ठेवून 22 एप्रिल 2018 कडे या. गडचिरोलीतल्या कसनासूर-बोरियाच्या चकमकीत चाळीस जण मारले गेले. नंतर गट्टेपल्ली गावच्या लोकांनी आठ तरुण मुलं-मुली बेपत्ता असल्याचं सांगितलं. कुटुंबीय म्हणाले, ती लग्नाला गेली होती. पोलीस म्हणाले, ती नुकतीच भरती झाली होती. त्यातली काही अल्पवयीन होती असंही तेव्हा सांगितलं गेलं. विद्यार्थी इथे कोण खरं यावरच वाद घालत बसतात. पण पोलिसांचं म्हणणं जसंच्या तसं धरलं, तरी नुकतंच भरती झालेलं अल्पवयीन मूल कलम 83 नुसार कोण ठरतं, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

साधनांचा गोंधळ याच कायद्यातून येतो. कलम 74 मुलाची ओळख उघड करू देत नाही. कलम 24 नुसार, काही अपवाद सोडता, दोषी ठरलेल्या मुलाची नोंद मुदतीनंतर नष्ट करायची असते. हे योग्यच आहे, पण परिणाम बघा. लहानपणीच सुटून बालकल्याण समितीपुढे आलेलं मूल आपल्या दप्तरात दिसत नाही. दिसतो तो, जो कोणाच्या हाती न लागता मोठा झाला. आपला नमुना मुळातच वाकडा आहे. आणि या मोठ्या झालेल्या माणसासाठी वय हा केवळ संशोधनाचा मुद्दा नाही. गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा दावा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर करता येतो (कलम 9). तुमच्या टिपणातली एक चुकीची वजाबाकी उद्या कुणाच्या तरी विरोधात वापरली जाऊ शकते.

मुलाखतींबद्दल एकच सांगते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने 2012 मध्ये काँगोच्या थॉमस लुबांगाला बालसैनिक भरतीसाठी दोषी ठरवलं, पण माजी बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या काही साक्षीदारांवर विश्वास ठेवायला नकार दिला. मधल्या माणसांनी त्यांना पढवलं असण्याची शक्यता होती. आपल्याकडे मधला माणूस म्हणजे गोंडी दुभाषी, पोलीस शिपाई, कधी संस्थेचा कार्यकर्ता. कोण शेजारी बसलं होतं, हे प्रत्येक मुलाखतीच्या वर लिहून ठेवा.

मी स्वतः ‘भरती कधी झालात’ हा प्रश्न सोडून दिला. त्याला पाठ झालेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारते, शाळा कितवीत सुटली? मग शाळेचं दाखलखारिज रजिस्टर. वय ठरवताना कायदाही आधी शाळेच्याच दाखल्याकडे जातो (कलम 94). पण एकट्या मुलाचं नाव घेऊन रजिस्टर मागू नका, लहान गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पूर्ण वर्षाचं पान मागा. तिथे अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून असेल, कारण ती गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते. तेव्हा वय एका आकड्यात न लिहिता ‘बारा ते चौदा’ असं लिहा. आणि शेवटचा रकाना उतरवून घ्यायला विसरू नका, शाळा सोडल्याचं कारण. मी पाहिलेल्या पानांवर तिथे बहुतेक एकच शेरा होता : सतत गैरहजर.