घोंगडीचा काठ

मेंढपाळ समाजांच्या विणकामाचा विचार करताना आपली नजर प्रथम नक्षीवर जाते आणि नक्षी नसेल तर तिथे थांबतच नाही. सातारा-सांगलीच्या माणदेशी घोंगडीवर असा अन्याय झाला आहे, असे आम्हांस वाटते.

इराणच्या फार्स प्रांतातील कश्काई हे तुर्की कुळातील भाषा बोलणारे भटके मेंढपाळ. त्यांचा गालिचा प्रसिद्ध आहे. फार्समधील गालिचाविद्येची नोंद युनेस्कोने २०१० साली अमूर्त वारशाच्या यादीत केली. मेंढ्या पुरुष कातरतात. सूतकताई, रंगाई आणि विणकाम स्त्रिया करतात. जमिनीवर आडवा माग ठोकायचा आणि समोर नमुना न ठेवता स्मरणातून विणायचे, ही त्यांची रीत. एकेक गाठ स्वतंत्र रंगाची असल्याने मध्यभागीच्या चौकटीभोवती पक्षी, फुले, प्राणी सहज अवतरतात.

माणदेशात हेच काम वाटून गेले आहे. मेंढ्या राखतो तो धनगर आणि घोंगडी विणतो तो सनगर. त्याचा माग खड्ड्यातला, एका जागी रोवलेला. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून धोटा आरपार फेकायचा. या पद्धतीत गाठीगाठीची चित्रे संभवत नाहीत, पट्टे आणि काठच संभवतात. रंगही मेंढीच्या अंगचाच: काळा, पांढरा, करडा. म्हणून लोकरीची निवड आणि काठाच्या रेघांचे अंतर हीच येथील नक्षी. तिचे दारिद्र्य कल्पनेचे नसून ती श्रमविभागणीची आणि मागाची खूण आहे.

शिवाय कश्काई गालिचा अर्थ पृष्ठभागावर वागवतो, तर घोंगडीचा अर्थ तिच्या वापरात आहे. आरेवाडीच्या बिरोबाला मानणाऱ्या धनगरांच्या विधींत अंथरलेली घोंगडी हे देवाचे आसन होते. गुंथर सोन्थायमर यांनी या दैवतांचा जो अभ्यास केला, त्यामागे याच मेंढपाळांच्या मौखिक परंपरेचा आधार होता. कश्काई स्त्री जे गाठींत मांडते, ते धनगर ओवीत मांडतो, असे म्हणता येईल.

आज प्रश्न काठाचा नाही, लोकरीचा आहे. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीला मान आहे तो मांसासाठी. तिच्या अंगावर लोकर बेताचीच. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीलाही भाव उरलेला नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार आपण वर्गात शिकवतो. परंतु पाणी शोषून जड होणारे, लवकर न वाळणारे ते वस्त्र ज्याने कधी हाताळले नाही, त्या विद्यार्थ्याला त्यातला भार कसा कळावा? मेंढीची जात बदलते तेव्हा भाषेचाही एक धागा सैल होतो, याची दखल वाङ्मयाच्या अभ्यासकांनी घ्यावयास हवी.