जड कणांच्या किरणोपचाराची कुळकथा

मस्तकाच्या मध्यभागी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडातील एका लहानशा खोबणीत वाटाण्याएवढी आणि वजनाने अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरणारी जी पीयूषिका ग्रंथी निसर्गाने जपून ठेवली आहे, तिच्या अंमलाखाली देहाची वाढ, गलग्रंथीचे काम, स्त्रीचे ऋतुचक्र आणि मातेचे दूध चालते, हे आता शाळेच्या पुस्तकातही वाचावयास मिळते. परंतु प्रोटॉनसारख्या जड कणांनी रोगग्रस्त पेशी नष्ट करण्याची जी विद्या आज नव्या मुंबईत खारघरपर्यंत येऊन पोहोचली आहे, तिचा मनुष्यदेहावरील पहिला प्रयोग याच ग्रंथीवर झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ही विद्या कर्करोगाच्या सामान्य उपचारातून जन्मली आणि मग पीयूषिकेपर्यंत आली, असा जो समज आढळतो, तो क्रमाच्या दृष्टीने उलटा आहे.

या ग्रंथीत गाठ झाली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, त्याचे वर्णन पिएर मारी या फ्रेंच वैद्याने 1886 साली प्रथम पद्धतशीरपणे केले व त्या विकारास अ‍ॅक्रोमेगली हे नाव दिले. वाढीचा स्राव प्रौढ वयात बेसुमार वाहू लागला, की हातापायांचे पंजे रुंदावतात, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो, घाम सुटतो. आणि हे सारे इतक्या संथपणे घडते की, शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या शेतकऱ्याची वहाण दर दोन वर्षांनी लहान पडू लागली, किंवा त्याच्या कारभारणीची जोडवी बोटांत रुतू लागली, तरी घरातल्या कोणाला त्यात रोग दिसत नाही. पुढे हृदय मोठे होते, मधुमेह जडतो, रक्तदाब चढतो, आणि गाठ वर सरकली तर दृष्टीही अधू होते.

क्ष-किरणांचा शोध 1895 सालचा. ते या ग्रंथीवर सोडण्याचा उद्योग पॅरिसचे डॉ. बेक्लेर यांनी 1909 सालीच आरंभिला होता. अडचण अशी की, क्ष-किरण त्वचेतून आत शिरताच आपली शक्ती सांडू लागतात, लक्ष्यापर्यंत पोहोचेतो क्षीण होतात, आणि लक्ष्य ओलांडून पलीकडच्या निरोगी मेंदूलाही भाजीत जातात. आणि पीयूषिकेच्या तर अगदी माथ्यावर दोन्ही डोळ्यांच्या नसांची चौफुली आहे आणि दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या आहेत.

यावरचा तोडगा वैद्यकाला पदार्थविज्ञानाकडून मिळाला. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे विल्यम हेन्री ब्रॅग यांनी 1904 च्या सुमारास रेडियमपासून निघणाऱ्या अल्फा कणांचा अभ्यास करताना पाहिले की, हे विद्युत्भारित जड कण वाटेत थोडीथोडीच शक्ती टाकतात, वेग मंदावत जाईल तसतशी अधिकाधिक टाकतात, आणि थांबण्याच्या अगदी आधी उरलेला सारा साठा रिता करून तेथेच विराम पावतात. कणाचा आरंभीचा वेग ठरविला, की तो किती खोलीवर थांबेल हेही ठरले. हा वेग देणारे सायक्लोट्रॉन नावाचे यंत्र अर्नेस्ट लॉरेन्स यांनी कॅलिफोर्नियातील बर्कले येथे 1931 च्या सुमारास सिद्ध केले, आणि त्यांचे वैद्य असलेले बंधू जॉन यांनी त्याच प्रयोगशाळेत वैद्यकीय संशोधनाचा पाया घातला.

तेथे 1938 पासून डॉ. रॉबर्ट स्टोन यांनी कर्करोग्यांवर न्यूट्रॉनांचा मारा केला. पण कालांतराने रुग्णांच्या त्वचेला व मांसाला इतकी भयंकर इजा झाल्याचे आढळून आले, की तो मार्ग सोडून द्यावा असा निर्वाळा खुद्द स्टोन यांनीच दिला. स्वतःच्या कार्याचा असा निवाडा जाहीरपणे करणारा हा माणूस मला थोर वाटतो, आणि त्याने दिलेल्या इशाऱ्यामुळेच पुढची पावले सावधपणे पडली. अर्नेस्ट लॉरेन्स यांचे शिष्य रॉबर्ट विल्सन यांनी 1946 साली एका छोट्याशा निबंधात प्रोटॉनचा वैद्यकात उपयोग कसा करता येईल, हे मांडले. आणि त्याच वर्षी बर्कलेच्या टेकडीवर 184 इंच व्यासाच्या चुंबकाचे नवे यंत्र चालू झाले.

आता या सामर्थ्याला पहिले लक्ष्य कोणते द्यावयाचे? येथेच पीयूषिकेचा मान आला, आणि त्यास दोन सबळ कारणे होती. त्या काळी देहाच्या आतले मऊ अवयव दाखविणारे सीटी स्कॅनसारखे साधन अस्तित्वात नव्हते. पोटातील वा छातीतील गाठ नेमकी कोठे आहे, हे मिलिमीटरच्या अचूकतेने सांगणे अशक्य होते. पीयूषिका स्वतः क्ष-किरणचित्रात दिसत नसली, तरी ती ज्या हाडाच्या खोबणीत बसते ती मात्र साध्या चित्रातही स्वच्छ उमटते, आणि मस्तक घट्ट धरून ठेवता येते, छातीपोटासारखे ते श्वासागणिक हलत नाही. दुसरे असे की, काही स्तनकर्करोग देहातील स्रावांवर पोसतात हे तेव्हा उमगले होते, आणि पीयूषिका शस्त्रक्रियेने काढून टाकली असता हाडांत पसरलेल्या रोगाला आळा बसतो, असा अनुभव स्वीडनमध्ये आला होता. म्हणून 1954 साली, जॉन लॉरेन्स आणि कॉर्नेलियस टोबायस यांच्या देखरेखीखाली, ज्यांचा स्तनकर्करोग सर्वत्र पसरला होता अशा स्त्रियांच्या निरोगी पीयूषिकेवर प्रोटॉनांचा झोत सोडण्यात आला. विद्युत्भारित जड कणांच्या उपचाराचा आरंभ तो हा.

नवलाची गोष्ट अशी की, ब्रॅग यांनी दाखविलेल्या त्या अंतिम उद्रेकाचा उपयोग या पहिल्या उपचारात केलाच नाही. 340 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा तो झोत मस्तकातून आरपार निघून जात असे. हाडांच्या जाडीचा हिशेब चुकून कण भलतीकडे थांबण्याचा धोका पत्करण्यापेक्षा, ग्रंथी केंद्रस्थानी ठेवून मस्तकच संथपणे फिरवावे आणि अनेक दिशांनी येणाऱ्या झोतांचा छेद तेवढ्या एका बिंदूवर पाडावा, हे त्यांनी अधिक सुरक्षित मानले. 1957 पासून प्रोटॉनांऐवजी हेलियमचे केंद्रक, म्हणजेच अल्फा कण, योजले गेले आणि मग खऱ्या अर्थाने पीयूषिकेच्या विकारांकडे मोर्चा वळला: अ‍ॅक्रोमेगलीच्याच तीनशेहून अधिक रुग्णांवर बर्कलेत हा उपचार झाला. मधुमेहाने ज्यांच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्या फुटत होत्या त्यांचीही पीयूषिका दृष्टी वाचविण्यासाठी जाळली जात असे; लेसरचा उपचार आल्यावर ती पद्धत मागे पडली, हे इष्टच झाले. हार्वर्डच्या 160 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या यंत्रावर डॉ. रेमंड केलबर्ग यांनी 1961 पासून जे काम केले, त्यात मात्र कणांचा अंतिम उद्रेक नेमका ग्रंथीतच घडवून आणण्याची कला साधली गेली.

या उपचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याचा परिणाम दिसावयास महिने नव्हे, वर्षे लागतात, आणि अतिरिक्त स्राव आटोक्यात येत असतानाच पुष्कळदा ग्रंथीचे आवश्यक स्रावही आटतात व रुग्णाला ते जन्मभर गोळ्यांनी पुरवावे लागतात. दरम्यान माँट्रियलच्या डॉ. ज्यूल्स हार्डी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने नाकावाटे गाठ काढण्याची शस्त्रक्रिया परिपूर्णतेस नेली, स्राव रोखणारी औषधेही आली. आणि आज अ‍ॅक्रोमेगलीच्या बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रिया प्रथम, औषध नंतर, व किरण उरलेल्या गाठीपुरते, असा क्रम स्थिरावला आहे. ज्या ग्रंथीने ही विद्या वाढविली, तिलाच आता तिची गरज क्वचित भासते. कवटीच्या तळाशी व बालकांच्या मेंदूत होणाऱ्या गाठींना मात्र ती भासते.

आपल्याकडची शाखाही जुन्या मुळाची आहे. पदार्थवैज्ञानिक मेघनाद साहा यांचे शिष्य बी. डी. नाग चौधरी बर्कलेत अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हाताखाली शिकून 1941 साली कलकत्त्यास सायक्लोट्रॉन उभारण्यासाठी परतले, आणि त्याच वर्षी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. हे रुग्णालय 1962 साली अणुऊर्जा खात्याकडे आले, आणि त्याच्याच खारघर येथील आवारातील प्रोटॉन उपचाराचे केंद्र 2023 साली राष्ट्राला अर्पण झाले. तेथील सायक्लोट्रॉन प्रोटॉनला 230 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेतो. एवढ्या शक्तीचा कण पाण्यात सुमारे 33 सेंटिमीटर खोल जाऊन थांबतो. शहापूरजवळच्या आसनगावाहून लोकलने ठाणे आणि तेथून पनवेलच्या गाडीने खारघर, इतक्या अंतरावर ही विद्या आता आली आहे.

परंतु यंत्र जवळ आले म्हणून रोग लवकर ओळखला जातो असे नाही, आणि पीयूषिकेच्या विकारात सर्वाधिक हानी विलंबानेच होते. म्हणून शहापूर-मुरबाडकडच्या वाचकांस विनंती आहे की, घरातील कोणाची अंगठी वा वहाण प्रौढ वयात लहान पडू लागली, चेहऱ्याची ठेवण जुन्या छायाचित्राहून निराळी दिसू लागली, किंवा बाजूचे दिसेनासे झाले, तर ते वयावर ढकलू नये. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात वा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, आणि तेथून चिठ्ठी घेऊन परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील अंतःस्रावी विकारांच्या विभागात जावे. रोगाचा पहिला सुगावा रक्ताच्या एका तपासणीने लागू शकतो.